परदेशी दिसणारी, पण खाण्याजोगी बाग: चंद्रपूर-गडचिरोलीच्या सांदवाडीत काय लावता येते?

इन्स्टाग्राम किंवा यूट्यूबवर ‘ट्रॉपिकल गार्डन’ शोधले की साधारण एकच चित्र समोर येते. माणसाच्या उंचीची पाने, गडद जांभळे देठ, वर केळीचे छत आणि कोपऱ्यात कमळाची कुंडी. हे चित्र घरी उभे करायचे म्हटले की नर्सरीत मॉन्स्टेरा, डिफेनबेकिया, फिलोडेन्ड्रॉन, कॅलेडियम अशी रोपे दाखवली जातात. त्यांतली बहुतेक खाण्याच्या उपयोगाची नाहीत, काही तर विषारी आहेत. शिवाय चंद्रपूरच्या मे महिन्यात उघड्यावर ती तग धरत नाहीत.

अशा बागेचे रूप ज्या वनस्पतींमुळे येते, त्यांचे अनेक सगेसोयरे मात्र चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या जंगलात आणि सांदवाडीत पूर्वीपासून आहेत. झाडीपट्टीत घरामागच्या वाडीला सांदवाडी म्हणतात. तिथला धोपा, सुरण, हळद, केळी आणि कर्दळ नीट मांडली तर बाग परदेशी दिसते आणि स्वयंपाकघरालाही पुरवठा करते. त्यासाठी तीन गोष्टी कळायला हव्यात: कोणते झाड खायचे आणि कोणते नाही, बाग कोणत्या महिन्यांत हिरवी राहील, आणि जंगलाला लागून असलेल्या घराभोवती झाडी किती दाट असावी.

थोडक्यात

- मोठ्या पानांचे रूप देणारी खाद्य झाडे: केळी, धोपा (अळू), सुरण, हळद, तिखुर, कर्दळ, पपई.
- ही बाग जून ते नोव्हेंबर भरात असते. उन्हाळ्यात तिचा मोठा भाग जमिनीखाली विश्रांती घेतो.
- ओळख पटल्याशिवाय कोणताही कंद किंवा पान खाऊ नये.
- पाण्याच्या कुंडीत डास होऊ देऊ नयेत.
- दाट झाडी घराला खेटून ठेवू नये.

‘एक्झॉटिक’ बाग ही कल्पना आली कुठून?

युरोपात थंडी मोठी. तिथे केळीचे किंवा अळूचे पान हेच अप्रूप होते. लंडनच्या बॅटरसी पार्कमध्ये १८६०च्या दशकात जॉन गिब्सन यांनी ‘सबट्रॉपिकल’ बाग उभी केली आणि ती पाहायला लोकांची गर्दी झाली. हेच गिब्सन तरुणपणी, १८३५मध्ये, एका इंग्रज सरदाराच्या बागेसाठी वनस्पती गोळा करायला भारतात आले होते. पुढे १८७१मध्ये विल्यम रॉबिन्सन यांनी याच शैलीवर ‘द सबट्रॉपिकल गार्डन’ हे पुस्तक लिहिले.

त्या बागांमध्ये केळी, कर्दळ आणि ‘कॅलेडियम एस्क्युलेंटम’ नावाची मोठ्या पानांची वनस्पती मुख्य असे. या वनस्पतीचे आजचे शास्त्रीय नाव कोलोकेशिया एस्क्युलेंटा. म्हणजेच आपले अळू, विदर्भातला धोपा. लंडनकर ज्याच्याकडे नवलाने पाहत, त्याच्या वड्या इथे पिढ्यान्‌पिढ्या होत आल्या आहेत.

उलट गंमतही आहे. पपई, सीताफळ, पेरू, मिरची आणि कर्दळ आपल्याला अगदी घरची वाटतात, पण ही सगळी मूळची अमेरिका खंडातली. त्यामुळे कोणते झाड ‘परदेशी’ हे दिसण्यावरून ठरत नाही.

या दोन जिल्ह्यांचे हवामान काय सांगते?

चंद्रपूर देशातल्या सर्वांत उष्ण शहरांपैकी एक. मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जाणे इथे नवे नाही. पावसाळ्यात मात्र दोन्ही जिल्ह्यांत भरपूर पाऊस पडतो, वर्षाला साधारण १२०० ते १५०० मिलिमीटर. तोही बहुतांश जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. गडचिरोलीचा निम्म्याहून बराच अधिक भूभाग आजही जंगलाखाली आहे.

हे जंगल पानगळीचे आहे. केरळ किंवा बालीसारखे वर्षभर ओले नाही. म्हणून इथल्या अनेक मोठ्या पानांच्या वनस्पतींनी वेगळी युक्ती साधली आहे. पावसात पाने वाढवायची, अन्न कंदात साठवायचे आणि थंडी सरताना पाने टाकून जमिनीखाली निजायचे. सुरण, हळद, तिखुर आणि रानटी कंदवेल या सगळ्यांचे चक्र असेच चालते. कडक उन्हाळा त्यांच्या डोक्यावरून जातो, पण त्यांना जाळत नाही.

बाग आखताना हीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची. व्हिडिओतल्यासारखी हिरवीगार बाग मे महिन्यात टिकवायची तर रोज भरपूर पाणी लागेल, आणि याच महिन्यात अनेक गावांत विहिरी आटलेल्या असतात. त्यापेक्षा पाच-सहा महिने गच्च आणि उन्हाळ्यात मोकळी अशी बाग इथल्या निसर्गाला धरून आहे.

उंच थर: छत देणारी झाडे

*केळी.* या बागेचा कणा. पान, फूल, गाभा आणि फळ असे सगळे उपयोगाचे. उन्हाळ्यातल्या गरम वाऱ्याने पाने फाटतात, म्हणून पश्चिमेला भिंत, कुड किंवा शेवग्याचा आडोसा असलेली जागा निवडावी. मोरीचे किंवा भांडी घासण्याचे सांडपाणी केळीकडे वळवले तर वेगळे पाणी फारसे लागत नाही.

*पपई.* लांबून ताडासारखी दिसते आणि वर्षभरात फळ देते. तिला साचलेले पाणी अजिबात चालत नाही. धानाच्या बांध्यांसारख्या चिकण जमिनीत ती उंचवट्यावरच लावावी. काही रोपे नर निघतात, म्हणून एका जागी दोन-तीन रोपे लावून फुले आल्यावर विरळणी करतात.

*मुनगा.* शेवग्याला विदर्भात मुनगा म्हणतात. त्याची बारीक पाने मोठ्या पानांच्या शेजारी छान उठून दिसतात. पाला, फुले आणि शेंगा तिन्हींची भाजी होते. दरवर्षी छाटला तर तो आवाक्यात राहतो.

*बांबू.* कोवळ्या कोंबांना इथे वास्ते म्हणतात आणि पावसाळ्यात त्यांची भाजी आवडीने खाल्ली जाते. कोंबांत सायनाइड तयार करणारे घटक असतात. त्यामुळे ते चिरून, उकळून आणि पाणी फेकून देऊनच शिजवायचे असतात. २०१७मध्ये भारतीय वन कायद्यात बदल झाला आणि जंगलाबाहेर लावलेला बांबू कायद्याच्या ‘वृक्ष’ या व्याख्येतून वगळला गेला. त्यामुळे स्वतःच्या जागेतला बांबू तोडणे आणि नेणे सोपे झाले. लागवडीची माहिती चंद्रपूरजवळच्या चिचपल्ली येथील बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्रात मिळू शकते. बांबूचे बेट पसरते, म्हणून लहान वाडीत एकच बेट पुरे.

मधला थर: खरी शोभा इथे

*धोपा.* हृदयाच्या आकाराची मोठी पाने, काही जातींत जांभळे देठ. पानांच्या वड्या आणि भाजी होते. झाडीपट्टीत कंदांना कोचई म्हणतात. नर्सरीत ‘ब्लॅक मॅजिक’ नावाने मिळणारे काळपट पानांचे महागडे रोपही याच प्रजातीचे आहे. पण शोभेच्या रोपांवर खाण्यासाठी नसलेली कीटकनाशके मारलेली असू शकतात. म्हणून खाण्यासाठीचे कंद भाजीबाजारातून किंवा ओळखीच्या वाडीतूनच आणावेत.

*सुरण.* जमिनीतून ठिपक्यांचा एकच जाड देठ वर येतो आणि छत्रीसारखे पान उघडतो. दिसायला याहून ‘एक्झॉटिक’ झाड शोधावे लागेल. मे-जूनमध्ये कंदाचा कोंब असलेला मोठा तुकडा शेणखत घातलेल्या खड्ड्यात लावतात. दोन झाडांत साधारण तीन फूट अंतर ठेवतात. आठ-नऊ महिन्यांनी पान पिवळे पडून कोलमडले की कंद काढायला येतो. घशाला कमी खाजणारी ‘गजेंद्र’ ही जात लागवडीसाठी प्रसिद्ध आहे.

*हळद.* कर्दळीसारखी उभी पाने, मधून डोकावणारा पांढरट-हिरवा फुलोरा. अर्धवट सावली तिला चालते, म्हणून केळी-पपईच्या खाली ती मजेत येते. पाने मोदक किंवा पातोळ्या वाफवायला वापरता येतात.

*तिखुर.* हळदीचीच रानटी बहीण, शास्त्रीय नाव कुरकुमा अँगुस्टिफोलिया. पावसाळ्याच्या तोंडावर तिला गुलाबी छटेचा फुलोरा येतो. कंद किसून, पाण्यात अनेकदा धुऊन, तळाशी बसलेले पांढरे सत्त्व वाळवतात. छत्तीसगड आणि लगतच्या भागात हे सत्त्व उपवासाला आणि थंडावा म्हणून खातात. फुलांच्या दुकानात ‘सियाम ट्युलिप’ म्हणून विकले जाणारे थायलंडचे फूल याच कुळातले.

*पेव.* लाल कणसातून उमलणारे पांढरे, चुरगळलेल्या कागदासारखे फूल आणि जिन्यासारखी गोल फिरत जाणारी पाने. जगभरच्या बागांत ‘क्रेप जिंजर’ म्हणून मिरवणारे हे झाड इथल्या ओढ्याकाठचे आहे. मध्य भारतात त्याचा कंद शिजवून खातात, पण ते ज्यांना येते त्यांच्याकडून शिकूनच. इतरांनी ते शोभेपुरते लावावे.

*कर्दळ.* पाने पत्रावळीसारखी वापरता येतात. अँडीज पर्वताच्या भागात तिचे कंद अन्न म्हणून खाल्ले जातात आणि व्हिएतनाममध्ये तिच्या सत्त्वाच्या शेवया होतात. नाल्याकाठची कर्दळ मात्र खाण्यासाठी घेऊ नये.

खालचा थर, वेल आणि पाणी

लाल माठ, आले आणि लाल देठाची अंबाडी यांनी कडा भरून काढता येतात. अंबाडीची पाने भाजीला, तर लाल अंबाडीच्या फुलांची मांसल लाल आवरणे चटणी आणि सरबताला येतात. मांडवावर लाल देठाचा मायाळू, चौधारी शेंग किंवा कोनफळाचा वेल चढवता येतो.

ड्रॅगन फ्रूट सध्या चर्चेत आहे. गुजरात सरकारने २०२१मध्ये त्याला ‘कमलम’ असे नाव दिले. हे मध्य अमेरिकेतले निवडुंग असले तरी कडक ऊन त्याला मानवत नाही. चाळिशीपार तापमानात त्याच्या फांद्या पिवळ्या पडून भाजतात. चंद्रपूरमध्ये लावायचे तर उन्हाळ्यात शेडनेट किंवा झाडाची विरळ सावली हवीच.

पाण्याच्या कोपऱ्यासाठी कमळ आणि शिंगाडा आहेत. या भागातल्या माजी मालगुजारी तलावांत ढिवर समाज शिंगाड्याचे पीक घेत आला आहे. घरी सिमेंटच्या टाकीत किंवा मोठ्या टबात दोन्ही वाढतात. मात्र गडचिरोली हा राज्यातला मलेरियाने सर्वाधिक ग्रासलेल्या जिल्ह्यांपैकी एक आहे. म्हणून टाकीत गप्पी मासे सोडावेत. मासे नसतील तर उघडे पाणी ठेवूच नये. कुंड्यांखालच्या ताटल्यांतले पाणीही आठवड्यातून एकदा ओतून टाकावे.

जलपर्णी मात्र कधीही आणू नये. जांभळ्या फुलांसाठी जगभर नेलेल्या या दक्षिण अमेरिकी वनस्पतीने चंद्रपूरच्या रामाळा तलावाला ग्रासल्याचे शहराने पाहिले आहे. घाणेरीची गोष्टही तशीच. ती भारतात बागेतली शोभा म्हणून आली आणि आज जंगलातला चारा तिच्याखाली दबतो आहे.

काय खाऊ नये? सर्वांत महत्त्वाचा भाग

धोपा, सुरण, डिफेनबेकिया, फिलोडेन्ड्रॉन आणि मॉन्स्टेरा ही सगळी एकाच कुळातली. या कुळातल्या वनस्पतींत कॅल्शियम ऑक्सलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. ते तोंडात आणि घशात टोचतात, म्हणून खाज आणि सूज येते. धोपा आणि सुरण व्यवस्थित शिजवले की हा त्रास जातो. त्यात चिंच, ताक किंवा अंबाडीसारखा आंबटपणा घालण्याची रीत आहे. कापताना हाताला तेल लावतात. डिफेनबेकिया आणि फिलोडेन्ड्रॉन मात्र शिजवूनही खायची नसतात. मुतखड्याचा त्रास असलेल्यांनी ऑक्सलेटयुक्त भाज्यांबद्दल डॉक्टरांना विचारावे.

गोंधळ सर्वाधिक होतो तो धोपा आणि शोभेच्या ‘एलिफंट इअर’ म्हणजे ॲलोकेशियात. धोप्याचे पान खाली झुकते आणि देठ पानाच्या मागे, कडेपासून आत जोडलेला असतो. ॲलोकेशियाचे पान बहुधा वर किंवा आडवे रोखलेले, चकचकीत असते आणि देठ खाचेजवळ जोडलेला दिसतो. हा फरक दरवेळी स्पष्ट नसतो. म्हणून पानावरून ओळखण्यापेक्षा रोप कुठून आणले याची खात्री जास्त कामाची.

कळलावीबाबत विशेष सावध राहावे. लाल-पिवळ्या ज्वाळांसारखे फूल येणारा हा वेल इथल्या जंगलातलाच आहे आणि बागेत अतिशय देखणा दिसतो. पण त्याच्या कंदात कोल्चिसिन हे विष असते आणि थोडासा कंदही जीवघेणा ठरू शकतो. पानाच्या टोकाला वळलेला तणावा ही त्याची खूण. कोनफळ किंवा इतर कंदवेलांच्या शेजारी तो कधीही लावू नये, कारण खोदताना कंद मिसळू शकतात. मध्य भारतात बैचांदी म्हणून ओळखला जाणारा रानकंदही कच्चा विषारी असतो. तो काप करून दीर्घकाळ पाण्यात ठेवून मगच खातात. हे व्हिडिओ पाहून करण्याचे काम नाही. एरंडाच्या बिया, गुंजेच्या बिया आणि कण्हेर ही आणखी नावे लक्षात ठेवावीत.

मोबाइलमधले ओळख सांगणारे ॲप नाव सुचवते, खाण्याची परवानगी देत नाही. चुकून काही खाल्ले गेले आणि घसा सुजला, उलट्या किंवा जुलाब सुरू झाले, तर घरगुती उपायांत वेळ घालवू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि त्या झाडाचा तुकडा किंवा फोटो सोबत न्यावा.

झाडी किती दाट असावी?

‘जंगल लूक’ ही या शैलीची ओळख. पण जंगल शेजारीच असेल तर तो धोका ठरू शकतो. चंद्रपूर शहरालगतच्या दुर्गापूर भागात २०२२मध्ये बिबट्याच्या हल्ल्यांत जीव गेले. वस्तीजवळची गर्द झुडपे बिबट्याला लपायला जागा देतात. म्हणून दरवाजा, नळ, शौचालयाची वाट आणि मुलांची खेळायची जागा यांच्याभोवती उंच, गच्च झाडी नको. तिथे कमरेखाली राहणारी रोपे लावावीत, केळी-बांबू मोकळ्या बाजूला न्यावेत, खालची वाळकी पाने काढत राहावीत आणि रात्री उजेड ठेवावा. पालापाचोळ्यात साप असू शकतात, म्हणून कंद काढताना हातापेक्षा काठी-फावडे आधी.

रानडुकरे कंद उकरतात, माकडे पपई आणि केळी सोडत नाहीत. ऑक्टोबर २०२१मध्ये छत्तीसगडमधून रानटी हत्तींचा कळप गडचिरोलीत आला. हत्तींचा वावर असलेल्या गावांत घराजवळ केळी लावण्याआधी वन कर्मचाऱ्यांशी बोलावे. कुंपणात वीज सोडणे हा उपाय नाही. तो गुन्हा आहे आणि त्यात जनावरांसोबत माणसेही मरतात.

रोपे आणायची कुठून?

ताडोबासारख्या राष्ट्रीय उद्यानातून किंवा अभयारण्यातून कंद उकरून आणणे वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार गुन्हा ठरतो. वनहक्क कायदा, २००६ नुसार गौण वनोपजावर ग्रामसभांना आणि वनात राहणाऱ्यांना हक्क मिळतात. धानोरा तालुक्यातले मेंढा (लेखा) हे या हक्कांसाठी देशभर ओळखले जाणारे गाव. ते हक्क त्या गावांचे आहेत, बाहेरून येणाऱ्या हौशी लोकांचे नाहीत.

सोपे मार्ग हे: आठवडी बाजारात खाण्यासाठी येणारे धोप्याचे, सुरणाचे आणि हळदीचे कंद, शेजाऱ्यांच्या सांदवाडीतले केळीचे मुनवे, आणि कृषी विभाग २०२०पासून ऑगस्टच्या सुमारास भरवत असलेले रानभाजी महोत्सव. तिथे भाजी ओळखणाऱ्या, रांधणाऱ्या बाया प्रत्यक्ष भेटतात. लागवडीबद्दल सिंदेवाही आणि गडचिरोली येथील कृषी विज्ञान केंद्रांत विचारता येते.

वर्षाचे वेळापत्रक

- एप्रिल-मे: खड्डे, शेणखत, पालापाचोळ्याचे आच्छादन. सांडपाण्याची चारी केळीकडे वळवावी. सुरणाची लागवड सुरू.
- जून-जुलै: पहिल्या दमदार पावसानंतर हळद, धोपा, तिखुर, अंबाडी, वेल. पपई उंचवट्यावर.
- ऑगस्ट-ऑक्टोबर: बाग पूर्ण भरात. धोप्याची पाने, मायाळू, वास्ते ताटात. कुंड्यांतले पाणी तपासावे.
- नोव्हेंबर-डिसेंबर: अंबाडीची फुले, कोचई, शेंगा.
- जानेवारी-मार्च: हळद, सुरण, कोनफळ काढणी. पुढच्या वर्षासाठी चांगले कंद सावलीत, कोरड्या वाळूत ठेवावेत.

पहिल्या वर्षी सगळे लावण्याची गरज नाही. दोन केळी, एक पपई, चार सुरण आणि सांडपाण्याच्या कडेने धोपा व हळद एवढ्यावर दहा बाय दहा फुटांचा कोपरा पावसाळ्यात भरून जातो. सगळे घरच्यांच्या ओळखीचे असल्यामुळे यातले काय खायचे आणि कसे शिजवायचे, हे आजीलाही विचारता येते.